आधी तबकडी, मग प्लेअर : आमची वाटचाल

नाशिकला रविवार कारंज्याजवळ टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीने आमच्या दुकानाची सुरुवात झाली. पुढे कॅसेट मागे पडून लग्नाच्या चित्रीकरणापासून कीर्तनापर्यंत सारे काही व्हीसीडीवर येऊ लागले, तेव्हा दुरुस्तीच्या जोडीने आम्ही प्लेअरची विक्रीही सुरू केली.

त्या उत्साहात एक मोठी चूक झाली. भाव उतरलेला पाहून एका घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही चाळीस डीव्हीडी प्लेअर उचलले आणि पावसाळा सरायच्या आत त्यांतले बरेचसे 'नो डिस्क' दाखवत परत आले. उघडल्यावर लेन्सवर ओलसर धुळीचा थर दिसला; तो पुसूनही उपयोग होईना आणि बदलायला तसा पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स असलेला तबकडी वाचणारा भाग, बाजारात मिळेना. सर्वांचे पैसे परत केले. ज्या मॉडेलचा पिकअप सुटा मिळत नाही, ते तेव्हापासून आम्ही विकत नाही.

"कोणता प्लेअर चांगला?" असे विचारणाऱ्या ग्राहकाला आम्ही प्रथम घरातल्या तबकड्या घेऊन यायला सांगतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा लेझर लागतो. त्यामुळे डीव्हीडी बिनतक्रार चालवणारे यंत्र सीडी नाकारते, तेव्हा दोष बहुधा पिकअपमधल्या सीडीच्या लेझरचा असतो. पंचवटीतल्या एका काकूंनी यजमानांच्या अभंगगायनाची, घरच्या संगणकावर उतरवलेली सीडी कापडी पिशवीतून आणली होती. त्यांचा जुना, भारी किमतीचा डीव्हीडी प्लेअर ती वाचत नव्हता, कारण सुरुवातीच्या काही प्लेअरमध्ये केवळ ६५० चा लेझर असे आणि घरी उतरवता येणाऱ्या सीडीवरचा (सीडी-आर) रंगद्रव्याचा थर त्या प्रकाशाला पुरेसा परावर्तित करत नाही. आम्ही त्यांना दोन लेझरचा साधा, दुरुस्त केलेला प्लेअर दिला आणि तबकडी गोल न पुसता मधून कडेकडे सरळ पुसायला शिकवले. पहिला अभंग दुकानातच पूर्ण वाजला; तोवर काकू उभ्याच होत्या.

परदेशातून मुलांनी पाठवलेल्या यंत्रांबाबत मात्र आम्ही आधीच सावध करतो. अमेरिकेत डीव्हीडीचा विभाग १ आणि ब्लू-रेचा ए आहे, आपल्याकडे ५ आणि सी; त्यामुळे एका विभागाचे यंत्र दुसऱ्या विभागासाठी काढलेली तबकडी सहसा चालवत नाही. शिवाय तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा असल्याने थेट आपल्या २३० व्होल्टला जोडलेले यंत्र जळू शकते.

केवळ गाणी ऐकणाऱ्याने चित्राच्या गुणवत्तेसाठी जादा पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागच्या बाजूला आवाजाची लाल-पांढरी सॉकेट आहेत का, हे त्याने अवश्य पाहावे, कारण अनेक नव्या ब्लू-रे प्लेअरना ती नसतात आणि मग घरातल्या चांगल्या जुन्या ॲम्प्लिफायरसाठी वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल संकेत ॲनालॉग करून देणारे उपकरण, घ्यावा लागतो.

२०१८ मध्ये ब्लू-रे प्लेअर बनवणाऱ्या ओप्पो डिजिटलने नवे प्लेअर बनवणे थांबवल्याचे जाहीर केले आणि निवड आणखी आखडली. म्हणून आता जुने, धडके प्लेअर घेऊन, ट्रेचा पट्टा बदलून आणि सलग दोन दिवस चालवून पाहूनच आम्ही ते विक्रीला ठेवतो.