नाशिकचं लाकूड

“आजी, हात नका लावू,” गार्ड म्हणाला. आत्याने हात चटकन मागे घेतला, चोरी पकडल्यासारखा.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवायला तिला घेऊन गेलो होतो. इमारतीचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट, कुर्ल्याचा काळा दगड... मी पार गाइड झालो होतो. इमारत १९१४ मध्येच तयार होती, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, लोकांना दारं उघडली ती १९२२ ला, हेही ऐकवून झालं.

तिचं लक्ष भलतीकडेच. मधल्या दालनातल्या लाकडी कमानी नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणल्यात म्हटल्यावर ती वर बघतच राहिली.

“आमच्या वाड्याचे खांब घनफुटाच्या भावाने गेले रे. माजघरातल्या तुळईला पाळण्याची कडी होती. कडीसकट नेली.”

बस्स, एवढंच बोलली. मग म्हणाली, चहा पाजतोस का?

लोकलमध्ये ती खिडकीशी झोपून गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती कडी जाईना. आता कुठल्याशा फार्महाउसवर असेल ती तुळई. त्या कडीला काय टांगत असतील? दिवा?

तुमच्या घराचं लाकूड कुठे गेलं, माहीत आहे तुम्हाला?