निलगिरीच्या जंगलातली रात्रीची गणना

आपल्याकडे निलगिरी म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. पाणी शोषणारं, परकं, माळरानावर रांगेत लावलेलं झाड. मीही तेच डोक्यात घेऊन २०१८ मध्ये नागपूरहून मेलबर्नला आले. मग एका रविवारी शहराच्या पूर्वेला दीड तासावर वॉरबर्टनच्या डोंगरात गेलो आणि निलगिरी तिच्या माहेरी पाहिली. या जातीला इथे माउंटन अ‍ॅश म्हणतात. फुलं येणाऱ्या झाडांत जगातल्या सर्वांत उंच जातींपैकी ही एक. टास्मानियातलं एक झाड तर १०० मीटरच्या आसपास आहे. गुळगुळीत पांढुरके बुंधे, त्यांवरून लोंबणाऱ्या सालीच्या लांबच लांब पट्ट्या, खाली माणसाच्या डोक्यावरून जाणारे नेचे. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले.

परतताना वळणापलीकडे डोंगराची एक अख्खी कूस उघडी दिसली. काळी, जळालेली, मधे बुडखे. वणवा लागला असावा असं वाटलं, पण ती तोड होती. सगळी झाडं एकदम पाडायची, उरलेला पाला-फांद्या जाळायच्या आणि राखेत बी टाकायचं, अशी तेव्हा इथली पद्धत होती. अशा तुकड्याला इथे ‘कूप’ म्हणतात. आपल्या वनखात्यातही तोच शब्द आहे, त्यामुळे तो ऐकून पोटात गलबललं. यातलं पुष्कळसं लाकूड कागदाच्या लगद्यासाठी जायचं.

पुन्हा लावतात ना, मग बिघडलं काय? मलाही हा प्रश्न पडला होता. उत्तर ढोलीत आहे. माउंटन अ‍ॅशला प्राण्यांना राहण्याजोगी ढोली पडायला शंभर-सव्वाशे वर्षं तरी लागतात, मोठ्या ढोलीला त्याहून जास्त. इथलं बरंचसं जंगल १३ जानेवारी १९३९ च्या प्रचंड वणव्यानंतर उगवलेलं आहे. ऐंशी वर्षांचं झालं की तोडायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा तोडायचं, असं केलं तर ढोली कधी पडणारच नाही. आणि खरं जुनं जंगल या भागात एकूण अ‍ॅशच्या जंगलाच्या जेमतेम १ टक्क्याच्या आसपास उरलं आहे.

या ढोल्यांत राहणारा लेडबीटर्स पॉसम हा मुठीएवढा प्राणी व्हिक्टोरियाचं, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याचं, राज्यचिन्ह आहे, जसं आपलं शेकरू. तो नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९६१ मध्ये याच डोंगरांत तो पुन्हा दिसला. २००९ च्या ज्या वणव्यात १७३ माणसं गेली, त्यात त्याचंही बरंचसं घर जळालं.

नियम असा होता की त्याची वस्ती सापडली की भोवती २०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे साधारण साडेबारा हेक्टरमध्ये, तोड बंद. पण सापडली तर! शोधायचं कोणी? तोड करणाऱ्या सरकारी कंपनीवर विसंबून न राहता इथल्या लोकांनी ते काम अंगावर घेतलं. निवृत्त शिक्षिका, नर्स, सुतार, विद्यार्थी. तोडीचा आराखडा जाहीर झाला की नकाशा घ्यायचा आणि यंत्रं पोचण्याआधी त्या कुपात रात्री शिरायचं. यंत्रांसमोर उभं राहून किंवा झाडावर बसून अटक करून घेणारेही होते, त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. मी मात्र मोजणाऱ्यांत गेले, कारण मोजणं मला माहीत होतं.

लहानपणी बाबांबरोबर बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणिगणना केली होती. लख्ख चांदणं, पाणवठा, आणि रात्रभर गप्प बसायचं. इथे सगळं उलटं. चंद्र नको, वारा नको, पाऊस नको, आणि बसायचं नाही, चालायचं. २०२२ च्या एप्रिलमधल्या माझ्या पहिल्या रात्री चारशे-पाचशे मीटर अंतराला आम्हाला दोन तासांच्या वर लागले. पडलेले ओंडके, ओला उतार, कमरेपर्यंत झुडपं. विदर्भाच्या कोरड्या रानात वाढलेल्या मला जळू हा प्रकार तिथे पहिल्यांदा भेटला. गाडीत बसल्यावर मोजे रक्तानं भिजलेले. गटातल्या बाईंनी, वय सत्तरीच्या पुढचं, निमूटपणे मिठाची पुडी पुढे केली.

आणि मग टॉर्चच्या झोतात, खूप वर, दोन पांढरे ठिपके. ग्रेटर ग्लायडर, ढोलीतच राहणारा दुसरा प्राणी. कानावर मऊ केसांचे झुबके, खाली लोंबणारी अंगाहून लांब झुपकेदार शेपटी. हा एका उडीत शंभर मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो आणि तोंडातून आवाज म्हणून काढत नाही. कोणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत. एकीनं वेळ सांगितली, दुसऱ्यानं जीपीएसचा आकडा वाचला, मी लिहून घेतला. व्हिडिओ काढला, झाडाला फीत बांधली, पुढे निघालो. त्या रात्री सात सापडले. घरी पोचले तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि मला झोप आली नाही.

असे कागद वर्षानुवर्षं साचत गेले. सगळेच कामी आले नाहीत. २०२० मध्ये फेडरल कोर्टात पॉसमच्या बाजूनं ६६ कुपांबद्दल निकाल लागला आणि पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला. आमच्या गटातले काही जण त्यानंतर पुन्हा आलेच नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. पण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एन्व्हायर्न्मेंट ईस्ट गिप्सलँड आणि किंगलेक फ्रेंड्स ऑफ द फॉरेस्ट या दोन छोट्या स्थानिक संघटनांनी व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात (नाव सुप्रीम असलं तरी हे राज्याचं कोर्ट, आपल्या हायकोर्टासारखं) खटला जिंकला. तोडीआधी अख्ख्या कुपात ग्लायडर शोधलेच पाहिजेत, असा आदेश आला. म्हणजे आम्ही जे करत होतो, ते करणं आता कंपनीला भाग होतं. तोड जवळपास थांबली. २०२३ च्या मे महिन्यात सरकारनं जाहीर केलं की राज्यातली नैसर्गिक जंगलांची व्यापारी तोड २०३० ऐवजी १ जानेवारी २०२४ पासूनच बंद होईल.

त्या आठवड्यात आम्ही वॉरबर्टनच्या रस्त्यावरच्या एका बेकरीत थांबलो होतो. शेजारच्या टेबलावर लाकडाच्या गिरणीत काम करणारे दोघे होते, बाप आणि मुलगा. बापानं आम्हाला ओळखलं. तो एवढंच म्हणाला, "वणवा आला की बुलडोझर घेऊन आम्हीच पुढे असतो, हे लक्षात ठेवा." ते खरं आहे. सरकारनं या कामगारांसाठी पैसे जाहीर केले, पण तीन पिढ्यांचं काम चेकनं भरून निघत नाही. त्यांना सात वर्षांचा शब्द देऊन सात महिन्यांची मुदत मिळाली, हा अन्याय आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. तोड थांबावी हेही तितकंच मनापासून वाटतं. बाईंनी उठून त्याच्याशी हात मिळवला. त्यानं तो घेतला.

टास्मानियात आणि न्यू साउथ वेल्समध्ये नैसर्गिक जंगलांची तोड नंतरही चालू राहिली. इथले आम्ही अजून रात्री जातो. कागद तोच, रकाने तेच. मागच्या खेपेला दहा वर्षांच्या लेकीला पहिल्यांदा बरोबर नेलं. १९३९ च्या राखेतून उगवलेल्या एका झाडाला हात लावून तिनं विचारलं, याला ढोली कधी पडेल? आम्ही बोटांवर हिशेब केला. एकशेवीस वर्षं धरली तर २०५९. तिनं टॉर्च वर नेला, झाडाचा नंबर वाचला आणि मला म्हणाली, "लिही."