बोट मेलची दोन टोकं: रामेश्वर ते तलैमन्नार

रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मुळात रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी बांधलाच नव्हता. तो बांधला कोलंबोसाठी. मद्रासहून निघालेली बोट मेल पांबनची खाडी ओलांडून धनुष्कोडीला जायची, तिथे प्रवासी आगबोटीत बसायचे, पंचवीस-तीस किलोमीटरचा उथळ समुद्र पार करून तलैमन्नारच्या धक्क्यावर उतरायचे आणि समोर उभ्या असलेल्या सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) गाडीत चढायचे. मद्रास ते कोलंबो तिकीट एकच. गाडी मात्र बदलावीच लागे, कारण इकडे मीटर गेज आणि तिकडे १६७६ मिलिमीटरचं ब्रॉड गेज.

या मार्गाची दोन्ही टोकं आज पुन्हा चालू आहेत, मधला समुद्र तेवढा बंद आहे. इकडचं टोक वादळाने मोडलं, तिकडचं श्रीलंकेतल्या यादवी युद्धाने. दोन्ही बघायची असतील तर आधी भारताची बाजू घ्या. पूल आणि धनुष्कोडी डोळ्यांखालून गेलं की तलैमन्नारचा ओसाड धक्का नीट कळतो. भारताच्या बाजूला दोन पूर्ण दिवस पुरतात. श्रीलंकेच्या बाजूला चार-पाच ठेवा, त्यातला एक गाडी चुकण्यासाठी.

पूल कसा बघावा

चेन्नईहून रात्री सुटणाऱ्या गाड्या (सेतू एक्सप्रेस आणि आजही बोट मेल म्हणूनच ओळखली जाणारी १६७५१) पुलावर पहाटेच्या अंधारात किंवा जेमतेम उजाडताना येतात. पूल बघायला येणाऱ्यांची इथेच निराशा होते. त्यापेक्षा मदुराईला उतरा आणि तिथून दिवसाची रामेश्वर पॅसेंजर घ्या. अंतर १६० किलोमीटरच्या आसपास, वेळ साधारण चार तास, तिकीट खिडकीवर सहज मिळतं. मंडपम गेलं की सामान आवरून खिडकीशी बसा. दारात उभं राहू नका. खाडीवरचा वारा अचानक झोडपतो, आणि पुलावर दोन्ही बाजूंना धरायला काही नाही.

गाडीतून पूल दिसत नाही, समुद्र दिसतो. पूल बघायचा असेल तर रामेश्वरहून बसने उलट पांबनला या आणि शेजारच्या रस्त्याच्या पुलावर (१९८८ सालचा, इंदिरा गांधींच्या नावाचा) चालत जा. गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना पोलीस हाकलतात, पायी असाल तर सहसा कुणी काही म्हणत नाही. तिथून दोन्ही रेल्वेपूल शेजारी शेजारी दिसतात.

जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. मधल्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या उघडणाऱ्या भागात) शेर्झर पद्धतीची दोन पाती आहेत. जहाज आलं की दोन्ही पाती आपापल्या टोकावर मागे लोळत जाऊन उभी राहत. मागच्या बाजूच्या प्रतिभारामुळे (तोल साधणाऱ्या वजनामुळे) हे काम माणसं हाताने दांडे फिरवून करू शकत. अडचण होती ती मिठाची. गाळा हलता, म्हणजे सांधे आणि दाते उघडे, आणि खारा वारा वर्षभर. गाड्यांचा वेग शेवटी शेवटी माणूस सायकलवरून गाठेल इतका कमी केला होता. डिसेंबर २०२२ मध्ये या गाळ्यावरच्या संवेदकांनी धोक्याचा इशारा दिला आणि गाड्या कायमच्या थांबल्या. त्यानंतर सव्वादोन वर्षं लोक मंडपम किंवा रामनाथपुरमला उतरून बसने रामेश्वरला जात होते.

नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा आडवाच राहून सरळ वर उचलला जातो: दोन्ही टोकांना मनोरे, त्यावर दोरखंडांच्या चाकांना टांगलेले प्रतिभार, आणि सुमारे पाच मिनिटांत १७ मीटर उंची. गाळा वर गेलेला बघायला मिळेलच असं नाही. जहाजांचं वेळापत्रक प्रवाशांसाठी जाहीर होत नाही, आणि मासेमारीच्या लहान होड्या खालूनच जातात. पांबनच्या मच्छीमार बंदरावर सकाळी चौकशी करा. मोठी बोट थांबलेली असेल तर तिथल्या लोकांना माहीत असतं. जुना पूल आता फार दिवस उभा राहील असं समजू नका. शेर्झरची पाती बघायची असतील तर लवकर जा.

वारा ताशी साठेक किलोमीटरच्या जवळ गेला की पुलावरचा सिग्नल लाल होतो आणि गाडी अलीकडेच उभी राहते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला वादळाचा काळ, तेव्हा परतीचं विमान त्याच दिवसाचं काढू नका. जानेवारी ते मार्च सगळ्यात बरा. जून ते सप्टेंबर पाऊस नसतो, पण वाळू डोळ्यांत जाते.

धनुष्कोडी

रामेश्वरहून धनुष्कोडीच्या अवशेषांपर्यंत वीसेक किलोमीटर आणि पुढे अरिचलमुनैच्या टोकापर्यंत आणखी चार-पाच. राज्य परिवहनची बस जाते. संध्याकाळी पाचच्या सुमारास वाहनं आत सोडणं बंद करतात, म्हणून दुपारी तीननंतर निघण्यात अर्थ नाही. सकाळी सातला निघालात तर ऊन चढायच्या आत सगळं होतं. पाणी आणि टोपी सोबत हवी, सावली नावालाही नाही.

बहुतेक लोक थेट टोकाला जाऊन सेल्फी काढून परततात. वाटेत चर्चपाशी उतरा. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत, आणि जवळच स्टेशनाचे कमानदार अवशेष आणि पाण्याची टाकी. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून ६५३ क्रमांकाची पॅसेंजर निघाली. स्टेशन काहीशे मीटरवर असताना लाटेने तिला गिळलं. गाडीत तिकीट काढलेले ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी होते, त्यातलं कुणीही वाचलं नाही. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं आणि रेल्वे पुन्हा इथवर आली नाही. २०१९ मध्ये नव्या मार्गाची पायाभरणी झाली, काम पुढे सरकलेलं नाही. ते न सरकलेलंच बरं, असं या वाळूच्या पट्टीची रुंदी बघून वाटतं.

त्याच वादळात पांबनच्या पुलाचे शंभराहून अधिक गर्डर वाहून गेले. शेर्झरचा गाळा मात्र टिकला. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले होते. काम ज्या तरुण अभियंत्याकडे आलं त्याने मच्छीमारांकडून गर्डर कुठे पडलेत ते शोधून काढलं, समुद्रातून ते उचलून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत गाडी चालू केली. ते ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे त्यांनीच उभी केली, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

परतताना मंडपम कॅम्पकडे लक्ष द्या. सिलोनच्या चहामळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांना इथल्या छावणीत ठेवून, तपासून, मगच पुढे धनुष्कोडीकडे सोडत. १९८३ नंतर त्याच मंडपममध्ये समुद्रातून उलट आलेल्या श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांची छावणी झाली. ही बघण्याची जागा नाही, लोक राहतात तिथे. बाहेरून जाताना माहीत असावं इतकंच.

पलीकडे कसं जावं

रामेश्वर-तलैमन्नार बोट १९६४ नंतरही काही वर्षं चालली, ती श्रीलंकेतल्या यादवीमुळे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात थांबली. रामेश्वरला कुणी "बोटीने नेतो" म्हणालं तर लांब राहा. ही सागरी हद्द आहे आणि दोन्हीकडची नौदलं पकडतात. आज दोन कायदेशीर रस्ते आहेत. मदुराई किंवा चेन्नईहून कोलंबोचं विमान, नाहीतर नागपट्टिणमहून कांकेसंतुरैची प्रवासी बोट. बोट २०२३ मध्ये सुरू झाली, पण ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात बंद राहते आणि फेऱ्या रद्दही होतात. व्हिसाची ईटीए (इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी) आधी ऑनलाइन घ्या. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा.

रेल्वेसाठी जात असाल तर बोटच घ्या. कांकेसंतुरै हे उत्तर मार्गाचं शेवटचं स्टेशन आहे, म्हणजे बोटीतून उतरून गाडीत बसण्याची जुनी रीत इथे जवळपास जशीच्या तशी मिळते.

कांकेसंतुरै ते मेदवच्चिया

जाफन्याची गाडी यालदेवी एक्सप्रेस १९९० मध्ये थांबली. त्याआधी जानेवारी १९८५ मध्ये ती स्फोटाने उडवली होती. मार्ग बंद पडल्यावर रूळ आणि स्लीपर दोन्ही बाजूंनी उखडून खंदकांना आणि बंकरना वापरले. त्यामुळे २००९ मध्ये युद्ध संपलं तेव्हा दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं; सुरुंग काढून भराव्यापासून नवा मार्ग टाकावा लागला. भारताच्या कर्जातून ते काम इरकॉन या भारत सरकारच्या रेल्वे-बांधकाम कंपनीने केलं. किलिनोच्चीला गाडी सप्टेंबर २०१३ मध्ये आली, जाफन्याला १३ ऑक्टोबर २०१४ रोजी आणि कांकेसंतुरैला जानेवारी २०१५ मध्ये.

जाफन्याच्या अलीकडे चुन्नाकम स्टेशन लागतं. तिथून जवळच्या कंतरोडैमध्ये २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते ज्या भारतीय शांतिसेनेत लढले तिच्याबद्दल तिथे बोलताना जपून बोला, त्या दोन-अडीच वर्षांच्या आठवणी तिकडे फार वेगळ्या आहेत.

पुढे एलिफंट पास. दोन्हीकडे खारी खाजणं आणि मधून रस्ता व रूळ. जाफना द्वीपकल्पात जमिनीवरून शिरण्याची मुख्य वाट हीच, म्हणून इथल्या तळासाठी १९९१, २००० आणि २००९ अशा मोठ्या लढाया झाल्या. किलिनोच्चीला उतरायला वेळ असेल तर ए-९ रस्त्यालगत आडवी पडलेली पाण्याची टाकी बघा. माघार घेताना तमिळ वाघांनी (एलटीटीई) उडवलेली, मुद्दाम तशीच ठेवली आहे. उत्तरेत कुठेही रुळाच्या कडेच्या झुडपांत फोटोसाठी शिरू नका. सुरुंग काढण्याचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, आणि कवटीची लाल पाटी दिसली म्हणजे तिथेच थांबायचं.

तलैमन्नार शाखा

मेदवच्चिया जंक्शनहून तलैमन्नार १०६ किलोमीटर. या शाखेवर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात आणि त्या कोलंबोच्या सोयीने लावलेल्या असतात. जाफन्याहून उतरलात तर जोडगाडी मिळेल असं धरू नका. अनुराधपुरात मुक्काम करून तिथून गाडी पकडा, नाहीतर वावुनियाहून मन्नारची बस घ्या आणि परतीला रेल्वे. आरक्षित जागा महिनाभर आधी सुटतात, तिसऱ्या वर्गाचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर. रोख रक्कम जवळ हवी. वादळानंतर किंवा दुरुस्तीसाठी उत्तरेच्या गाड्या महिनोन्महिने कमी केल्या जातात (२०२४ मध्ये महव-अनुराधपुर टप्पा असाच बंद होता), म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारा, जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

वाटेत चेट्टिकुलम लागतं. २००९ मध्ये याच भागात मेनिक फार्मची छावणी होती, सव्वादोन लाखांहून अधिक विस्थापितांची. गाडी मात्र मडू रोडला यायला मे २०१३ उजाडला आणि तलैमन्नारला १४ मार्च २०१५. पांबनला ४६ दिवस लागले, इथे पंचवीस वर्षं. कारण अभियांत्रिकीचं नव्हतं. वादळ एका रात्रीत निघून गेलं; युद्ध संपेपर्यंत इथे मोजणीलासुद्धा कुणी जाऊ शकत नव्हतं.

तिरुकेतीश्वरम स्टेशनला उतरून शिवमंदिर करता येतं. रामेश्वर करून आलेल्यांना हे जोडीचं क्षेत्र आवडेल. जुनं मंदिर पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड मन्नारच्या किल्ल्याला लावले असं सांगतात. किल्ला मन्नार बेटाच्या तोंडाशीच आहे.

मुक्काम मन्नार गावात करा. तलैमन्नार पिअरला राहण्याजेवण्याची सोय जवळजवळ नाही. शेवटचं स्टेशन "पिअर", त्याआधीचं नुसतं "तलैमन्नार". आधीच्याला उतरू नका. स्टेशनसमोर दीपगृह आणि मोडक्या धक्क्याचे खांब आहेत. नौदलाची चौकी जवळ आहे, कॅमेरा काढण्यापूर्वी पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारा. मन्नारची शेवटची बस लवकर जाते, तेव्हा उतरल्याबरोबर परतीची वेळ विचारून ठेवा. चुकलीच तर तीनचाकीवाल्याशी भाडं बसण्यापूर्वी ठरवा.