इग्नाइटचा क्लायंट नोड क्लस्टरला जोडताना

अपाचे इग्नाइट डेटा अनेक यंत्रांच्या गटात, म्हणजे क्लस्टरमध्ये, वाटून ठेवतो. त्या गटातला इग्नाइटचा प्रत्येक चालू प्रोसेस म्हणजे एक नोड. डेटाबेसच्या ड्रायव्हरची सवय असलेले लोक इग्नाइटचा क्लायंट नोडही त्याच पद्धतीने जोडायला जातात. सर्व्हरचा पत्ता दिला, एक पोर्ट उघडलं, झालं काम. पण इग्नाइटचा हा क्लायंट क्लस्टरचा रीतसर सदस्य असतो. कोणता डेटा कोणत्या नोडवर आहे हे त्याला माहीत असतं, क्लस्टरमधल्या घडामोडींचे निरोप त्याला मिळतात आणि गरज पडली तर सर्व्हर स्वतःहून त्याच्याशी जोडणी उघडतो. जोडणीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या शेवटच्या गोष्टीत असतं. (हे सगळं इग्नाइट २ बद्दल आहे.)

दोन पोर्ट लागतात. डिस्कव्हरी (नोडांनी एकमेकांना शोधणं) ४७५०० वर चालते आणि नोडांमधला प्रत्यक्ष संवाद ४७१०० वर. यांतलं एखादं पोर्ट आधीच व्यापलेलं असेल तर इग्नाइट त्याच्या पुढचं घेतो, मग पुढचं. त्यामुळे एकाच यंत्रावर दोन सर्व्हर नोड असले की दुसरा ४७५०१ आणि ४७१०१ वर बसतो आणि फायरवॉलमध्ये नेमकं तेच उघडलेलं नसतं. प्रत्येक यंत्रावर एकच नोड ठेवायचा असेल तर दोन्हींची पोर्ट-रेंज शून्य करावी. पोर्ट मोकळं नसेल तर नोड सुरूच होणार नाही, आणि तेच बरं. भलत्या पोर्टवर गुपचूप बसलेला नोड शोधणं जास्त त्रासाचं असतं.

काहीच सांगितलं नाही तर नोड एकमेकांना मल्टिकास्टने (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक देऊन) शोधतात. क्लाउडच्या बहुतेक नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट चालत नाही. जिथे चालतं तिथे शेजारच्या टीमचा चाचणीचा नोड तुमच्या क्लस्टरमध्ये येऊन बसू शकतो. म्हणून पत्त्यांची ठरलेली यादी द्यावी: १०.०.०.११:४७५००, १०.०.०.१२:४७५००, अशी. क्लायंटला यादीतला एक जरी सर्व्हर जिवंत सापडला तरी पुरतं, बाकीच्यांची माहिती त्याच्याकडून मिळते. सर्व्हरांच्या बाबतीत मात्र यादी सगळीकडे एकच हवी. दोन सर्व्हरांच्या यादीत फक्त आपापलाच पत्ता असेल तर दोन वेगळे क्लस्टर तयार होतात, दोन्ही ठणठणीत दिसतात आणि क्लायंटला अर्धाच डेटा मिळतो. बंद पडलेल्या यंत्रांचे पत्तेही यादीतून काढून टाकावेत. पॅकेट नुसतं गिळून टाकणाऱ्या फायरवॉलमागचा प्रत्येक पत्ता टाइमआउट होईपर्यंत वाट पाहायला लावतो.

क्लायंट मोड ही सेटिंग ट्रू करायला विसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुमचं ॲप्लिकेशन तेव्हाही क्लस्टरला जोडलं जातं, कुठेही एरर येत नाही, पण ते सर्व्हर म्हणून जोडलेलं असतं. डेटाची काही पार्टिशन (तुकडे) त्याच्याकडे सरकू शकतात. कॅशेच्या (इग्नाइटमधल्या डेटाच्या साठ्याच्या) बॅकअपची मूळ संख्या शून्य असते. त्यामुळे सगळं मेमरीतच ठेवलेलं असेल तर ॲप्लिकेशन बंद होताच तेवढा डेटा गेला. हे ओळखायला लॉगमधली टोपॉलॉजी स्नॅपशॉटची (क्लस्टरमध्ये कोण कोण आहे याची) ओळ पाहावी. तिच्यात सर्व्हर किती आणि क्लायंट किती हे सरळ लिहिलेलं असतं. दोन सर्व्हर आणि एक क्लायंट हवा असताना तीन सर्व्हर दिसले तर लगेच थांबा.

क्लायंट सुरू करताना अडकून बसला तर तो बहुधा सर्व्हर शोधत असतो. जॉइन टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे तो कितीही वेळ थांबतो. सेवा सुरू होताना ती अशी लटकू नये यासाठी इथे ठरावीक मर्यादा द्यावी. सर्व्हर सापडूनही त्याने नकार दिला तर कारण लॉगमध्ये स्पष्ट मिळतं: इग्नाइटच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत, किंवा पीअर क्लास लोडिंग (नोडांनी एकमेकांकडून कोड घेणं) एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद आहे.

यापेक्षा चकवणारा प्रकार म्हणजे क्लायंट टोपॉलॉजीत दिसतो, पण काही कामं मध्येच लटकतात. इथे ४७५०० उघडं असतं आणि ४७१०० एकाच दिशेने. क्लायंटच्या यंत्रावरून सर्व्हरकडे आणि सर्व्हरवरून क्लायंटकडे, दोन्ही बाजूंनी नेटकॅटने (पोर्ट उघडं आहे का ते पाहणाऱ्या साधनाने) ४७१०० तपासा. उलटी बाजू तपासायची राहून जाते. डॉकर असलेल्या यंत्रांवर आणखी एक घोळ होतो. नोड आपले सगळे स्थानिक पत्ते जाहीर करतो, त्यात डॉकरच्या ब्रिजचा १७२.१७.०.१ हाही असू शकतो. हा पत्ता अशा जवळपास प्रत्येक यंत्रावर सारखाच असल्यामुळे दुसरा नोड भलत्याच ठिकाणी दार ठोठावतो. लोकलहोस्टच्या सेटिंगमध्ये खरा पत्ता स्पष्ट लिहिला की हे मिटतं. क्लायंट नॅटमागे (बाहेरून थेट पोहोचता न येणाऱ्या खासगी पत्त्यावर) असेल तर जोडणी फक्त क्लायंटकडूनच उघडायला लावणारी सेटिंग २.९ पासून मिळते. ती चालू करावी.

जोडणी तुटण्याचीही तयारी हवी. सर्व्हरसाठी फेल्युअर डिटेक्शन टाइमआउट (नोड मेला असं ठरवण्याआधी थांबायचा वेळ) १० सेकंद आणि क्लायंटसाठी ३० सेकंद असतो. गार्बेज कलेक्शनचा (जावाच्या मेमरी-सफाईचा) विराम यापेक्षा लांबला तर जिवंत नोडही मेलेला समजला जातो. अशा वेळी आकडा वाढवण्याआधी गार्बेज कलेक्शनचा लॉग पाहावा. टाइमआउट वाढवला की खरोखर मेलेला नोड कळायलाही तेवढाच उशीर होतो. तुटलेला क्लायंट स्वतःच पुन्हा जोडला जातो, पण तोवर प्रत्येक हाकेला डिसकनेक्टेड एक्सेप्शन येतं. ते पकडून त्याच्यासोबत येणारं रीकनेक्ट फ्यूचर (पुन्हा जोडणी झाली की पूर्ण होणारा ऑब्जेक्ट) पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा प्रयत्न करायचा. मधल्या काळात सगळं क्लस्टर नव्याने सुरू झालं असेल तर हातातला जुना कॅशे ऑब्जेक्ट टाकून नवा मागावा.

तुमच्या ॲप्लिकेशनला फक्त किल्ली देऊन किंमत वाचायची किंवा लिहायची असेल तर थिन क्लायंट वापरा. तो क्लस्टरचा सदस्य होत नाही. त्याला सर्व्हरचं १०८०० हे एकच पोर्ट लागतं आणि जोडणी नेहमी त्याच्याच बाजूने उघडते. सतत बंद-चालू होणाऱ्या छोट्या सेवांसाठी माझी पहिली पसंती यालाच, कारण त्या आल्या-गेल्या तरी क्लस्टरची टोपॉलॉजी हलत नाही. यादीत एकाहून जास्त सर्व्हरांचे पत्ते मात्र द्या, म्हणजे एक पडला तरी तो दुसऱ्याकडे जाऊ शकेल.