१०२० ची रांग अखेर सुटली

एचपीचा लेझरजेट १०२० हा प्रिंटर रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या छोट्या संगणकाला यूएसबीने जोडून घरभर वाटून घेतला आहे. तो बंद करून पुन्हा चालू केला, तरी आता विंडोजचा लॅपटॉप, लिनक्सचा डेस्कटॉप आणि फोन, तिन्हीकडून छपाई होते. रास्पबेरी पायला हात लावावा लागत नाही.

मागच्या नोंदीतलं लक्षण असं होतं: कप्स (पायवरची छपाईची रांग सांभाळणारी प्रणाली) सांगतो काम पूर्ण, आणि प्रिंटर ढिम्म. १०२० मध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं त्याचं आतलं सॉफ्टवेअर, टिकत नाही, दर वेळी वीज आली की यूएसबीवरून पुन्हा भरावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर ते न सांगता करतो, पायवर ती सोय आपण करायची. तपासायला 'यूएसबी_प्रिंटरआयडी' ही आज्ञा चालवा. उत्तरात 'एफडब्ल्यूव्हीईआर' (फर्मवेअरची आवृत्ती) नसेल तर प्रिंटर रिकामा आहे. मग 'एसआयएचपी१०२०.डीएल' ही फर्मवेअरची फाईल 'कॅट' आज्ञेने थेट एलपी० वर (लिनक्समध्ये प्रिंटरसाठी दिसणारी उपकरण-फाईल) पाठवली की मोटर क्षणभर फिरते. फार सुखाचा आवाज आहे तो.

पण इथे एलपी० दिसतच नव्हतं, कारण पहिल्या उभारणीत ती फाईल तयार करणारं यूएसबीएलपी हे कर्नल मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये टाकलं होतं, म्हणजे ते आपोआप सुरूच होत नव्हतं. कप्स लिबयूएसबी या लायब्ररीमार्फत छापतो, त्याला हे मॉड्यूल लागत नाही. फर्मवेअर भरणाऱ्या स्क्रिप्टला मात्र लागतं. 'मॉडप्रोब.डी' या सेटिंग फोल्डरमधली ती ओळ काढून रीबूट केलं आणि एलपी० आलं.

खरी गुंतागुंत त्यानंतरची. छापताना कप्स यूएसबीएलपीला बाजूला सारतो आणि काम संपलं की परत जोडतो. म्हणजे दर छपाईला एलपी० नाहीसं होऊन पुन्हा उगवतं आणि यूडेव्हला (उपकरण लागलं-निघालं की ठरवलेले नियम चालवणारा लिनक्सचा भाग) वाटतं, प्रिंटर नव्याने लागला. एलपी० वर लावलेला नियम त्यामुळे विनाकारण धावत राहतो. भरीला, प्रिंटर बंद असताना कुणी काम पाठवलं तर कप्सचा बॅकएंड (प्रिंटरला प्रत्यक्ष डेटा पाठवणारा भाग) वाट बघत बसतो आणि वीज येताच फर्मवेअरच्या आधी प्रिंटर बळकावतो. एलपी० गायब, फर्मवेअर अर्धवट.

म्हणून फर्मवेअरचं काम सिस्टमडीच्या (लिनक्समधली पार्श्वभूमीची कामं चालवणारा) सर्व्हिसकडे दिलं, कारण यूडेव्हच्या नियमातल्या 'रन'मध्ये लांबणारं काम ठेवू नये. सर्व्हिसचा क्रम असा: 'कप्सडिसेबल' (रांग थांबवणं), २ सेकंद थांबणं, एफडब्ल्यूव्हीईआर तपासणं, नसेल तर फाईल पाठवणं, ५ सेकंद थांबणं, 'कप्सएनेबल' (रांग पुन्हा सुरू). कप्सडिसेबलला 'होल्ड' पर्याय लावू नका. तो चालू काम संपायची वाट बघतो, आणि इथे तेच काम अडकलेलं असतं. होल्ड नसेल तर काम रांगेत परत जातं आणि नंतर छापलं जातं.

हे लिहितानाच याहून साधा मार्ग सुचला, आणि तोच आता लावला आहे: प्रिंटर बंद होताक्षणी रांगच बंद करायची. बॅकएंड वाट बघायला उरतच नाही. प्रिंटर लागतानाचा आणि काढतानाचा, दोन्ही नियम एलपी० ऐवजी अख्ख्या यूएसबी उपकरणावर लावायचे, म्हणजे छपाईमुळे ते जागे होत नाहीत. एक अडचण: उपकरण गेल्यावर त्याचे 'ॲट्रिब्यूट' (गुणधर्म) वाचता येत नाहीत, म्हणून काढतानाच्या नियमात 'प्रॉडक्ट' हे चल जुळवा. एलएसयूएसबी (यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) प्रिंटरची ओळख ०३एफ०:२बी१७ अशी दाखवते, पण या चलात सुरुवातीचं शून्य नसतं आणि मध्ये तिरकी रेघ असते: ३एफ०/२बी१७/*. सर्व्हिसमधला पहिला कप्सडिसेबल मात्र ठेवा. घरची वीज गेली की पाय आणि प्रिंटर एकदमच बंद पडतात, तेव्हा काढल्याची नोंद होतच नाही. सर्व्हिस कप्सनंतर सुरू होईल हेही बघा.

बाकीचं लवकर जमलं. राउटरमध्ये पायचा आयपी राखून ठेवला. विंडोजमध्ये पोर्ट ६३१ चा आयपीपी (नेटवर्कवरून छपाईचा प्रोटोकॉल) पत्ता हाताने भरला. फोनसाठी अवाही (नेटवर्कवर प्रिंटरची जाहिरात करणारी सेवा) पुरतो, फक्त राउटरचं 'एपी आयसोलेशन' (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) बंद हवं, नाहीतर यूडीपी ५३५३ वरची हाक फोनपर्यंत पोचत नाही.

इतका खटाटोप या प्रिंटरसाठी करावा, कारण १२ए टोनर कुठेही मिळतो, रिफिल कोपऱ्यावरच्या दुकानात होतं, आणि यंत्र दणकट आहे. यूएसबी केबल मात्र दीड मीटरच्या आतली आणि जाड घ्या.

आता पाय झीरो २ डब्ल्यू या आणखी लहान पायवर हीच मांडणी लावायची आहे. शंका फक्त ५१२ एमबी मेमरीची आहे: ६०० डीपीआयला ए४ चं एक करडं पान सुमारे ३५ एमबी होतं, त्यामुळे स्कॅन केलेल्या लांब पीडीएफवरच चाचणी घ्यायची.