आमची वाटचाल : फाउंड्रीतला सर्व्हर आणि त्याचा पत्ता

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्या आणि मशिनशॉप हेच सुरुवातीपासून आमचं गिऱ्हाईक. आधी कॉम्प्युटर जोडून देणं, प्रिंटर, टोनर, व्हायरस काढणं अशी कामं होती. मग लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं उबंटू 10.04 आलं. जुन्याच मशिनवर लिनक्स टाकून सांबा या प्रोग्रॅमने सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा फाइल सर्व्हर उभा करून द्यायला आम्ही लागलो आणि लायसनचा खर्च वाचतोय म्हटल्यावर कारखानदार तयार झाले. ड्रॉइंग, बिलं, गुणवत्तेचे रिपोर्ट, सगळं एका जागी.

हा सर्व्हर चालतो तो त्याच्या स्टॅटिक आयपीवर, म्हणजे नेटवर्कमधल्या न बदलणाऱ्या पत्त्यावर. ऑफिसातल्या प्रत्येक मशिनवरचा नेटवर्क ड्राइव्ह त्या पत्त्यावर बांधलेला असतो. पत्ता हलला की डिस्पॅच थांबतो, गाडी गेटवर उभी राहते. म्हणून राउटर बदलला, नवीन शेड जोडली, की पहिला फोन आम्हाला.

तेव्हा काम सोपं होतं. इंटरफेसेस नावाची एकच फाइल, तिथे आकडे बदलायचे. ऑक्टोबर 2017 मध्ये उबंटू 17.10 सोबत नेटप्लॅन, म्हणजे नेटवर्कची सेटिंग लिहिण्याची नवी पद्धत आली, पुढच्या एप्रिलमध्ये 18.04 आलं, आणि आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू झाले: "साहेब, आयपी बदललाय, पण रीस्टार्ट केलं की परत जुनाच येतो."

आमचा धंदा खऱ्या अर्थाने या एका तक्रारीवर उभा राहिला असं मी मानतो. कारण दरवेळी वेगळं निघायचं. कुणी जुनी इंटरफेसेस फाइल बदललेली, जिच्याकडे आता कुणी बघतच नाही. कुणी कमांडने पत्ता दिलेला, तो मशिन बंद होताच जातो. सर्व्हर आवृत्तीत क्लाउड-इनिट हा मशिनची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम असतो, तो स्वतःची फाइल लिहितो, ‘50’ने सुरू होणारी, तो बंद केल्याशिवाय त्या फाइलमधला बदल टिकेल याचा भरवसा नाही. कुठे नेटप्लॅनच्या सेटिंगच्या दोन फाइली (वायएएमएल) असतात. नेटप्लॅन दोन्ही वाचतं आणि पत्त्यांच्या याद्या एकमेकींना जोडतं, त्यामुळे एकाच कार्डावर दोन आयपी दिसतात आणि माणूस चक्रावतो. टॅब दाबून जागा सोडली तर फाइल वाचलीच जात नाही. म्हणून आमच्या मुलांना पहिली शिकवण हीच: आकड्यांना हात लावण्याआधी या मशिनवर नेटवर्क कोण चालवतंय ते शोधा, नेटवर्क मॅनेजर की सिस्टिमडी-नेटवर्कडी, या दोन प्रोग्रॅमपैकी कोण. पत्त्यापुढे ‘डायनॅमिक’ असा शब्द दिसला तर तो बहुतेक राउटरने दिलेला आहे, आपण दिलेला नाही.

सगळ्यात अवघड असतं ते पत्त्यांचं भांडण. सर्व्हर थोडा वेळ चालतो, थोडा वेळ गायब. फाइल बरोबर, केबल बरोबर. अशा वेळी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला नाहीतर कुणाच्या मोबाइलला राउटरने तोच आयपी वाटलेला असतो. आर्पिंग कमांडने दुसरा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) उत्तर देताना पकडता येतो. तेव्हापासून आम्ही राउटरची वाटपाची हद्द पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात 100 च्या पुढे ठेवतो, खालचे पत्ते हाताने देतो, आणि त्यांचा तक्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. वार्षिक करारात हा तक्ता अद्ययावत ठेवण्याचं कलम आहे. त्याचे पैसे आम्ही घेतो, आणि गिऱ्हाईक ते आनंदाने देतात.

2020 च्या लॉकडाउनमध्ये कुणाच्या आवारात जाता येईना. दुरून आयपी बदलणं म्हणजे आपणच बाहेर अडकण्याची भीती. ‘नेटप्लॅन ट्राय’ या कमांडने ती कमी केली: 120 सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. आम्ही पद्धत ठरवली की जुन्या पत्त्याशेजारी नवा पत्ता जोडायचा, नव्यावरून आत शिरायचं, सगळ्या मशिनचे ड्राइव्ह तिकडे वळवायचे आणि मगच जुना काढायचा. पुण्या-सांगलीची गिऱ्हाइकं आमच्याकडे आली ती याच काळात.

सध्या 20.04 वरची मशिन 24.04 वर नेण्याचं काम चालू आहे, 20.04 ची नेहमीची सुरक्षा मुदत मे 2025 मध्ये संपली. बाहेरच्या नेटवर्कची वाट सांगणारी ‘गेटवे4’ची जुनी ओळ जिथे सापडेल तिथे आम्ही अपग्रेडच्या आधीच नव्या ‘रूट्स’ पद्धतीने लिहून घेतो. ज्यांचा सर्व्हर अजून राहिलाय त्यांनी फोन करावा, रविवारी कारखाना बंद असताना येऊ.