दातपरी आणि विहिरीवरच्या बाया

सातारा, रविवार, रात्रीचे साडेदहा.

नातीचा पुढचा दात काल संध्याकाळी पडला. आमच्या लहानपणी दुधाचा दात कौलांवर भिरकावून उंदराकडे त्याच्यासारखा बारीक, पांढरा दात मागायची रीत होती. नातीने मात्र तो कागदात गुंडाळून उशीखाली ठेवला, कारण दातपरी रात्री येऊन तो नेते आणि बदल्यात पैसे ठेवते, हे तिला शाळेतल्या मैत्रिणींकडून पक्के कळलेले आहे. ‘नाहीतरी कौले कुठे राहिली आहेत आता,’ एवढेच बोलून हिने विषय संपवला. रात्री दहा रुपयांचे नाणे ठेवून दात काढून घेताना मला स्वतःचेच हसू आले. उभी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवलेला माणूस अंधारात चाचपडत परीची हजेरी लावत होता. सकाळी नाणे मुठीत धरून तिने विचारले, ‘आबा, परी खरी असते का हो?’ मी चहा गाळायच्या निमित्ताने उठलो.

आज दुपारी तिला घेऊन गावी गेलो. आमचे गाव कृष्णेच्या काठचे, वाईच्या वाटेवरचे. बोअर घेतल्यापासून मळ्यातली जुनी विहीर कोणी वापरत नाही. मोटेची धाव गवताने झाकून गेली आहे, पण थारोळ्याशेजारी उंबराखाली साती आसरा, पाण्याच्या सात देवता, तशाच आहेत. वीतभर उंचीचे सात दगड, शेंदराची पुटे चढून कडा बोथट झालेल्या, तिसरा थोडा कललेला. त्यांच्यापुढे कोणीतरी नुकतीच ओटी भरून गेले होते: दोन हिरव्या बांगड्या, प्लास्टिकची फणी, काजळाची डबी आणि सात पानांवर दहीभात, ज्याला मुंग्या लागल्या होत्या. विहिरीला पाणी भरायला कोणी येत नाही, तरी ओटी भरायला येते. कोण, ते विचारायचे मी टाळले.

या परीच आहेत का, असे नातीने विचारले आणि मी हो म्हटले, कारण अर्थाच्या बाजूने ते फारसे चूक नाही. परी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि आसरा म्हणजे संस्कृतातल्या अप्सरा, ज्यांच्या नावातच पाणी आहे. इंद्राच्या सभेत नाचणाऱ्या अप्सरा पुस्तकात राहिल्या आणि त्यांच्या या गावाकडच्या बहिणी विहिरीवर, डोहावर, ओढ्याच्या वळणावर येऊन बसल्या. मात्र दातपरी पैसे ठेवते आणि आसरा माणूस ओढून नेतात, हा फरक मी तिला सांगितला नाही. गेल्या दिवाळीत साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर पाहिल्यापासून, त्या सातासमुद्रापलीकडच्या राजकन्येच्या महालासारखे काहीतरी प्रत्येक विहिरीत खाली असते, अशी तिची समजूत आहे. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या त्या विहिरीत खरोखरच छोटा महाल आहे, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

आई आम्हाला टळटळीत दुपारी या विहिरीकडे फिरकू देत नसे. बाराच्या ठोक्याला बाया पाण्यावर येतात, नाव घेऊन हाक मारतात, ओ द्यायची नाही, असे ती सांगे. ‘आसरा’ हा शब्दही ती मळ्यात उच्चारत नसे, नुसते ‘बाया’ म्हणे. पुढे मी वर्गात समजावून सांगत असे की दुपारी मोठी माणसे जेवून आडवी होतात, विहिरीवर चिटपाखरू नसते आणि पाय घसरलेल्या पोराची हाक ऐकायला कोणी नसते. पडक्या विहिरीतला गाळ काढायला उतरलेली माणसे तळाशी जाऊन कोसळतात, कारण तिथे जड वायू साचून प्राणवायू उरलेला नसतो. म्हणून आधी पेटता कंदील सोडून पाहायचा आणि तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. ही स्पष्टीकरणे खरी आहेत आणि ती दिल्याचा मला आजही अभिमान आहे.

पण सातवीत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा याच विहिरीत बुडाला, तेव्हाचे मला आठवते. त्याला पोहायला घेऊन गेलेला थोरला भाऊ ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि माझी आई त्याच्या आईला सांगत होती की बायांनी नेले, पोरांचा काही दोष नाही. ती माउली त्या दिवसानंतर थोरल्याला एका शब्दानेही बोलली नाही. त्या घरात माझा कंदील आणि माझा वायू काय कामाचा होता, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

दुसरी आठवणही लिहायला हवी, नाहीतर हे आईचे गुणगान होईल. माझी चुलती बाळंत झाल्यावर तिला ताप भरला. ओल्या अंगाने विहिरीवर गेल्यामुळे तिला बायांनी धरले, असे ठरले आणि देवऋषाचा अंगारा, लिंबू-नारळाचा उतारा यांत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेले. ती वाचली, बाळ वाचले नाही. कोणी कोणाला दोष दिला नाही, याही वेळी. बायांवर ढकलल्यामुळे थोरला भाऊ सुटला आणि देवऋषीही सुटला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. देवाला नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीला आपला विरोध आहे, ही त्यांची भूमिका मला पटायची, कारण तिच्यात चुलतीला जागा होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडे करणे आता गुन्हा आहे. ओटी भरणे गुन्हा नाही, आणि तसेच असायला हवे.

छायाचित्रण शिकवताना मी मुलांना कॉटिंग्लीच्या पऱ्यांची गोष्ट सांगत असे. १९१७ साली इंग्लंडमधल्या त्या गावी सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले, आणि शेरलॉक होम्सचे जनक, स्वतः डॉक्टर असलेले कॉनन डॉयल यांनी ते १९२० मध्ये खरे म्हणून जगापुढे मांडले. पऱ्या कागदातून कापून टोपीच्या पिनांनी उभ्या केल्या होत्या, हे त्या दोघींनी १९८३ मध्ये म्हातारपणी कबूल केले. वर्गात इथे हशा पिकायचा. डॉयल यांनी महायुद्धाच्या अखेरीस मुलगा आणि पाठोपाठ भाऊ गमावला होता, हे मी सांगत नसे. तास संपत आलेला असे. फ्रान्सिस पाचवा फोटो खराच आहे असे शेवटपर्यंत म्हणत राहिली, हेही गाळत असे.

परतताना दगडांसमोरून जायचे होते. माझ्या चपला मी कधी काढल्या ते मला कळले नाही. नातीने पाहून आपलेही सँडल काढले. गाडीत बसल्यावर तिने विचारले, ‘आबा, पुढचा दात पडला की मी तो इथे आणून ठेवू? त्या सात जणी आहेत, जास्त पैसे देतील.’

‘ठेव की,’ मी म्हणालो, ‘पण दुपारी बाराला नको.’